डोर परगणा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी विस्कॉन्सिन राज्याच्या ईशान्य टोकास, मिशिगन सरोवरात शिरलेल्या अरुंद द्वीपकल्पावर वसलेला ग्रामीण परगणा (काउंटी) व प्रसिद्ध पर्यटनक्षेत्र. भूमिक्षेत्र सु. १,२५० चौ. किमी.; लोकसंख्या ३०,०६६ (२०२०). परगण्याच्या सीमा सरोवरात दूरवर गेलेल्या असल्याने जलक्षेत्र धरून त्याचे एकूण क्षेत्रफळ सहा हजार चौ. किमी.हून अधिक भरते, म्हणजे सु. चारपंचमांश परगणा पाण्याखाली आहे. याच्या पश्चिमेस ग्रीन बे हा मिशिगन सरोवराचा फाटा, पूर्वेस प्रत्यक्ष मिशिगन सरोवर, उत्तरेस ‘पोर्ट दे मॉर्त’ ही सामुद्रधुनी व तिच्यापलीकडील बेटे आणि दक्षिणेस कवॉनी व ब्राउन हे परगणे आहेत. स्टर्जन बे (लोकसंख्या सु. ९,६००) हे परगण्याचे मुख्य ठिकाण व त्यातील एकमेव शहर होय.

‘डोर’ म्हणजे दरवाजा. द्वीपकल्पाचे टोक आणि वॉशिंग्टन बेट यांच्यामधील सामुद्रधुनीला फ्रेंच व्यापाऱ्यांनी दिलेल्या ‘पोर्ट दे मॉर्त’ म्हणजे ‘मृत्यूचे द्वार’ या नावावरून परगण्याचे नाव पडले. बेटांवरील पॉटावॉटोमी व मुख्य भूमीवरील विनेबेगो (हो-चंक) या जमातींच्या संघर्षात होड्यांतून निघालेले योद्धे वादळात सापडून बुडाले, अशी आख्यायिका या नावामागे सांगितली जाते. तिच्यातील ऐतिहासिक अंश निश्चित करता येत नसला, तरी येथील उलटसुलट वारे, प्रवाह व उथळ खडक यांमुळे शिडाच्या जहाजांना ही सामुद्रधुनी खरोखरच घातक ठरत आली.

भूवर्णन : द्वीपकल्पाचा कणा डोलोमाइट या खडकाचा आहे. सु. ४२ ते ४४ कोटी वर्षांपूर्वी, सिल्युरियन कालखंडात, हा प्रदेश उबदार व उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळापासून व प्रवाळांच्या अवशेषांपासून येथील खडक बनले. न्यूयॉर्क राज्यातून निघून कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतातून कमानीसारखा वळत येणारा नायगारा कडा येथून जातो. ज्या कड्यावरून नायगारा धबधबा कोसळतो, त्याचाच हा पश्चिमेकडील भाग होय. खडकांचे थर पूर्वेकडे मंदपणे कललेले असल्याने द्वीपकल्पाच्या दोन्ही बाजूंचे स्वरूप अगदी भिन्न आहे. ग्रीन बेच्या बाजूला उभे कडे असून काही ठिकाणी ते पाण्यापासून ५० मी.हून अधिक उंच आहेत. तर मिशिगन सरोवराच्या बाजूला जमीन हळूहळू उतरत जाऊन खडकाळ सपाट किनारा, वाळूचे पट्टे, पाणथळी व उथळ उपसागर यांत विलीन होते.

हिमयुगात बर्फाच्या दोन जिव्हा, एक ग्रीन बेच्या खोलगटातून व दुसरी मिशिगन सरोवराच्या द्रोणीतून, या खडकावरून सरकत गेल्या. त्यांनी वरची माती खरवडून नेली. त्यामुळे परगण्याच्या मोठ्या भागात, विशेषतः उत्तरेकडे, मातीचा थर अतिशय पातळ आहे. कित्येक शेतांत तो हातभरही भरत नाही. बर्फ वितळल्यानंतर सरोवराची पातळी अनेक वेळा बदलली आणि जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या, लाटांनी कोरलेल्या गुहा व वाळूच्या कमानदार रांगा मागे राहिल्या. बेलीज हार्बर या गावाजवळ अशा सु. तीस समांतर रांगा असून त्या गेल्या हजार-दीड हजार वर्षांत सरोवराने एकापुढे एक रचल्या आहेत. दोन रांगांमधील सखल पट्ट्यांत पाणी साचून दलदली तयार झाल्या आहेत. केव्ह पॉइंट येथे लाटांनी डोलोमाइटमध्ये कोरलेल्या गुहा आणि व्हाइटफिश ड्यून्स येथील सु. २८ मी. उंचीची वाळूची टेकडी ही या घडणीची ठळक उदाहरणे होत.

मोठ्या नद्या येथे नाहीत. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी खडकांच्या भेगांतून सरळ खाली मुरते. कांगारू, क्लार्क व युरोप ही परगण्यातील उल्लेखनीय अंतर्गत सरोवरे असून ती सर्व उथळ आहेत. स्टर्जन बे हा ग्रीन बेचा फाटा द्वीपकल्पात आडवा घुसलेला आहे. १८७२ नंतर खोदलेल्या कालव्याने तो मिशिगन सरोवरास जोडला गेल्याने त्याच्या उत्तरेकडील संपूर्ण भाग वास्तविक पाहता बेटच बनला आहे. उत्तरेकडे वॉशिंग्टन, रॉक, प्लम, पायलट, डेट्रॉइट इ. बेटे आहेत.

हवामान : परगणा ४५° उत्तर अक्षवृत्ताच्या दोन्ही बाजूंस, म्हणजे विषुववृत्त व उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर पसरलेला आहे. हवामान खंडांतर्गत प्रकारचे असले, तरी तीन बाजूंच्या पाण्यामुळे ते सौम्य झालेले आहे. जानेवारीचे सरासरी तपमान सु. –७° से., तर जुलैचे सु. २०° से. असते. वार्षिक पर्जन्यमान (हिमवृष्टी धरून) सु. ७५ ते ८० सेंमी. आहे. वसंत ऋतूत सरोवराचे थंड पाणी किनाऱ्यावरील हवा थंड ठेवते. त्यामुळे फळझाडांचा बहर लांबतो व उशिरा पडणाऱ्या दहिवरापासून तो बहुधा वाचतो. शरद ऋतूत याच्या उलट, उन्हाळ्यात साठलेली उष्णता पाणी हळूहळू सोडत असल्याने कडाक्याची थंडी उशिरा येते. परगण्यातील फळबागा या यंत्रणेवर अवलंबून आहेत. ती कोलमडल्यास काय होते, हे २०१२ मध्ये दिसून आले. त्या वर्षी मार्चमधील अवेळी उन्हाळ्यामुळे बहर लवकर आला आणि नंतरच्या दहिवराने चेरीचे बहुतांश पीक हातचे गेले. हिवाळ्यात ग्रीन बेचा पृष्ठभाग गोठतो व त्यावरील बर्फाला भोके पाडून मासेमारी केली जाते.

सरोवराची पातळीही स्थिर नसते. जानेवारी २०१३ मध्ये मिशिगन व ह्यूरन या जोडसरोवरांची पातळी नोंदलेल्या इतिहासातील नीचांकास पोहोचली आणि २०२० मध्ये ती उच्चांकांच्या जवळ गेली. आधीच्या काळात धक्के व नौकातळ कोरडे पडले, तर नंतरच्या काळात किनाऱ्यावरील रस्ते व घरे यांना लाटांचा उपद्रव झाला.

वनस्पती व प्राणी : शुगर मॅपल, बीच, हेमलॉक, पांढरा सीडर, बर्च, पाइन हे येथील प्रमुख वृक्ष होत. थंड सरोवरकाठामुळे अधिक उत्तरेकडील अरण्यांतील वनस्पतीही येथे टिकून आहेत. सरोवरकाठचा बुटका आयरिस व अनेक जातींचे आमर (ऑर्किड) यांसाठी बेलीज हार्बरजवळील वाळूरांगांचा प्रदेश प्रसिद्ध आहे. या ठिकाणी १९३७ मध्ये निवासगाड्यांचा तळ उभारण्याचा बेत होता. त्यास स्थानिक निसर्गप्रेमींनी विरोध केला व त्यातून ‘द रिजेस सँक्च्युअरी’ हे खाजगी अभयारण्य स्थापन झाले. हाइन्स एमरल्ड या दुर्मिळ चतुराची (चतुर : उडणारा जलाश्रयी कीटक) जगातील सर्वांत मोठी प्रजोत्पादक संख्या या परगण्यात आढळते. या चतुराच्या अळ्या भूजलाने पोसलेल्या थंड, उथळ झऱ्यांत वाढतात. म्हणून त्याचे अस्तित्व भूजलाच्या शुद्धतेवर अवलंबून आहे. १९९५ मध्ये त्याचा समावेश संघराज्य शासनाच्या विनाशोन्मुख जातींच्या सूचीत झाला. द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरील पाणथळींना २०१४ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून मान्यता मिळाली.

इतिहास : यूरोपीय येण्यापूर्वी मिनॉमिनी, विनेबेगो व पॉटावॉटोमी यांचा या प्रदेशाशी संबंध होता. मासेमारी, शिकार, मक्याची शेती व मॅपलच्या रसापासून साखर करणे हे त्यांचे व्यवसाय होते. स्टर्जन बेपासून मिशिगन सरोवरापर्यंतच्या अरुंद पट्ट्यावरून होड्या खांद्यावर वाहून नेण्याची त्यांची वाट होती. १६७४ मध्ये झाक मार्केत हा फ्रेंच जेझुइट धर्मप्रचारक तिने गेला. १६७९ मध्ये ला साल या फ्रेंच समन्वेषकाचे ‘ग्रिफाँ’ हे जहाज लोकरीची कातडी घेऊन ग्रीन बेच्या मुखाजवळील बेटावरून निघाले आणि बेपत्ता झाले. वरच्या सरोवरांतील ते पहिले मोठे शिडाचे जहाज मानले जाते.

१८३१ च्या तहाने मिनॉमिनींनी ग्रीन बेच्या पूर्वेकडील विस्तीर्ण भूमी संयुक्त संस्थानांच्या शासनाच्या स्वाधीन केली व तीत हे द्वीपकल्पही गेले. द्वीपकल्पावर दीर्घकाळ राहिलेल्या पॉटावॉटोमींना या व्यवहारात स्थान मिळाले नाही आणि पुढील दशकांत त्यांना आपली गावे सोडावी लागली. त्यांचे एक प्रमुख सायमन काक्वाडॉस यांनी जमिनीवरील आपल्या लोकांचा हक्क अनेक वर्षे मांडला. परंतु तो मान्य झाला नाही. १९३० मध्ये ते वारले. १९३१ मध्ये पेनिन्सुला राज्य उद्यानात, पूर्वजांच्या भूमीत, मोठ्या समारंभाने त्यांचे दफन करण्यात आले. याच उद्यानात १९२७ मध्ये पॉटावॉटोमींच्या स्मरणार्थ एक टोटेमस्तंभ उभारण्यात आला होता. मात्र टोटेमस्तंभ ही वायव्य पॅसिफिक किनाऱ्यावरील जमातींची प्रथा असून पॉटावॉटोमींची नव्हे. हयात असलेल्या लोकांना जमीन नाकारून त्यांच्या स्मृतीचा गौरव करण्याची जी वृत्ती त्या काळी अमेरिकेत इतरत्रही होती, तिचे हे बोलके उदाहरण आहे.

१८५१ मध्ये ब्राउन परगण्यातून डोर परगणा वेगळा काढण्यात आला. त्याचे प्रत्यक्ष प्रशासन १८६१ मध्ये सुरू झाले. १८५३ मध्ये नॉर्वेजियन मोरेव्हियन पंथीयांनी आंद्रेआस इव्हर्सन या धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली एफ्रेम हे गाव वसविले. पंथाच्या शिस्तीमुळे गावात मद्यविक्रीस बंदी होती. पर्यटन वाढल्यावरही ती टिकून राहिली व २०१६ मध्ये मतदारांनी ती उठविली. त्याच सुमारास, १८५३ नंतर, बेल्जियममधील फ्रेंचसदृश वालून भाषा बोलणारे शेतकरी परगण्याच्या दक्षिण भागात स्थायिक झाले. वॉशिंग्टन बेटावर १८७० मध्ये आइसलँडी लोक आले. ही अमेरिकेतील सर्वांत जुन्या आइसलँडी वसाहतींपैकी एक होय. जर्मन, स्वीडिश, डॅनिश व आयरिश लोकही येथे आले.

लाकूडतोड हा सुरुवातीचा मोठा धंदा होता. तोडलेल्या झाडांचा पालापाचोळा जागोजागी पडून असे. ८ ऑक्टोबर १८७१ रोजी, दीर्घ अवर्षणानंतर, ग्रीन बेच्या दोन्ही काठांवर भीषण वणवा पेटला. पश्चिम काठावरील पेश्टिगो हे गाव त्यात नष्ट झाले, म्हणून तो ‘पेश्टिगो वणवा’ या नावाने ओळखला जातो. एकूण मृतांची संख्या १,२०० ते २,५०० च्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे. त्याच रात्री शिकागो शहरालाही आग लागल्याने या अधिक प्राणघातक दुर्घटनेकडे जगाचे लक्ष कमी गेले. डोर परगण्यातील विल्यमसनव्हिल या गिरणीच्या गावात सु. ६० माणसे मृत्यू पावली व ते गाव पुन्हा वसले नाही. बेल्जियन वस्तीतील लाकडी घरेही बहुतेक जळाली. त्यानंतर तेथील शेतकऱ्यांनी लाल विटांची घरे बांधली. ही घरे, रस्त्याकडेची छोटी प्रार्थनामंदिरे व सुगीचा ‘केरमिस’ उत्सव यांत वालून परंपरा अद्याप दिसते. भाषा मात्र मोजक्या वृद्धांपुरती उरली आहे.

जलमार्ग व जहाजबांधणी : एकोणिसाव्या शतकात रस्ते जवळजवळ नव्हतेच व सर्व वाहतूक पाण्यावरून होई. रॉक बेटावर १८३६ मध्ये विस्कॉन्सिनमधील पहिले दीपगृह उभारले गेले. त्याची सध्याची इमारत १८५८ ची आहे. ईगल ब्लफ (१८६८) व कॅना बेट (१८६९) यांसह परगण्यात दहाहून अधिक दीपगृहे आहेत. तरीही किनाऱ्यालगत शेकडो जहाजे फुटली व त्यांचे अवशेष थंड गोड्या पाण्यात चांगले टिकून राहिले आहेत.

मृत्यूच्या द्वाराचा वळसा टाळण्यासाठी स्टर्जन बे व मिशिगन सरोवर यांना जोडणारा सु. २ किमी. लांबीचा कालवा खाजगी भांडवलातून १८७२ ते १८८१ या काळात खोदण्यात आला. मोठ्या जहाजांसाठी तो १८९० पासून खुला झाला आणि १८९३ मध्ये संघराज्य शासनाने तो विकत घेतला. या कालव्यामुळे स्टर्जन बे हे जहाजबांधणीचे केंद्र बनले. दुसऱ्या महायुद्धात येथील गोद्यांत आरमारासाठी पाणबुडीरोधक व मालवाहू जहाजे बांधली गेली. १९७९-८० च्या सुमारास लोहखनिज वाहून नेणारी, ३०५ मी. लांबीची महाकाय सरोवरनौकाही येथे तयार झाली. हिवाळ्यात सरोवरांवरील वाहतूक थांबली, की अनेक मालवाहू जहाजे दुरुस्तीसाठी येथे नांगर टाकतात. पर्यटनापासून दूर असा, वर्षभर पगारी काम देणारा हा परगण्यातील महत्त्वाचा उद्योग होय. स्टर्जन बेमध्ये जलमार्गावर तीन उचलपूल असून त्यांपैकी जुना १९३१ चा आहे. उत्तरेकडील सर्व गावांचा मुख्य भूमीशी असलेला रस्त्याचा संबंध या पुलांवर अवलंबून असतो. वॉशिंग्टन बेटास नॉर्थपोर्ट येथून वर्षभर मोटारवाहू नौका जाते.

शेती व मासेमारी : दक्षिण भागात जमीन तुलनेने खोल असल्याने तेथे दुग्धव्यवसाय, मका व गवत यांची शेती चालते. उत्तरेकडील पातळ माती धान्यास निकृष्ट; परंतु निचरा उत्तम व हवा सौम्य असल्याने फळझाडांस ती मानवते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील उद्यानविद्येचे प्राध्यापक ई. एस. गॉफ यांनी हे हेरले आणि १८९२ मध्ये स्टर्जन बेजवळ पद्धतशीर लागवडीस प्रारंभ झाला. आंबट चवीच्या ‘माँटमरेन्सी’ चेरीला येथे विशेष यश आले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परगणा देशातील अग्रगण्य चेरी-उत्पादक प्रदेशांत गणला जाई. तोडणीसाठी ओनायडा व मिनॉमिनी कुटुंबे, टेक्ससमधील मेक्सिकन वंशाचे मजूर, तसेच १९४५ मध्ये जर्मन युद्धकैदीही आणले गेले. १९६० नंतर झाड गदगदा हलवून फळे पाडणारी यंत्रे आली व मजुरांची गरज घटली. त्यानंतर इतर प्रदेशांची स्पर्धा व जमिनीच्या वाढत्या किमती यांमुळे बागांचे क्षेत्र बरेच कमी झाले. सफरचंदाच्या बागाही आहेत.

जुन्या बागांनी एक वारसा मागे ठेवला आहे. शतकाच्या पूर्वार्धात किडींविरुद्ध शिसे व आर्सेनिक यांचे संयुग (लेड आर्सेनेट) फवारले जाई. ही द्रव्ये मातीतून सहजी नाहीशी होत नाहीत. जेथे फवारणीचे मिश्रण तयार केले जाई, अशा जागांची माती आजही दूषित आढळते व तेथे घरे बांधताना दक्षता घ्यावी लागते.

सरोवरातील मासेमारीत व्हाइटफिश हा मासा प्रमुख आहे. १९३० नंतरच्या दशकांत समुद्री लॅम्प्री हा परजीवी प्राणी कालव्यांवाटे मिशिगन सरोवरात शिरला आणि सरोवरी ट्राउटचा जवळजवळ नाश झाला. पुढे लॅम्प्रीवर नियंत्रण आणण्यात आले व १९६० नंतर पॅसिफिक सॅमन सोडण्यात आले. त्यामुळे गळाने मासे पकडण्याचा छंद हे पर्यटनाचे एक अंग बनले. व्हाइटफिशचे तुकडे, बटाटे व कांदे मोठ्या भांड्यात खारट पाण्यात उघड्या आगीवर उकळण्याची रीत येथे रूढ आहे. शेवटी आगीवर रॉकेल ओतून ज्वाळा भडकवितात व तेलकट फेस उतू घालवितात. एकेकाळी मजुरांचे साधे जेवण असलेला हा प्रकार आता पाहुण्यांसाठीचा सोहळा झाला आहे.

पर्यटन : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागो व मिलवॉकी येथील सुखवस्तू कुटुंबे उन्हाळ्यातील उकाड्यापासून सुटका मिळविण्यासाठी आगबोटींनी येथे येऊ लागली. लोहमार्ग १८९४ मध्ये स्टर्जन बेपर्यंत पोहोचला. मात्र खरी वाढ मोटारीमुळे झाली. फिश क्रीक व एफ्रेम यांच्यामधील पेनिन्सुला राज्य उद्यान (स्थापना १९०९, क्षेत्र सु. १५ चौ. किमी.) हे राज्यातील आद्य उद्यानांपैकी एक आहे. पॉटावॉटोमी, न्यूपोर्ट, व्हाइटफिश ड्यून्स व रॉक बेट ही अन्य चार राज्य उद्याने होत. न्यूपोर्ट उद्यान मूळच्या लाकूडतोड्यांच्या ओसाड गावाच्या जागी असून निबिड अंधारामुळे त्यास २०१७ मध्ये ‘आंतरराष्ट्रीय कृष्णाकाश उद्यान’ असा दर्जा मिळाला. रॉक बेट आइसलँडमध्ये जन्मलेले संशोधक व उद्योगपती चेस्टर थॉर्डरसन यांनी १९१० मध्ये विकत घेतले होते. त्यांनी बांधलेली भव्य दगडी नौकाशाला तेथे आहे.

उन्हाळी पाहुण्यांबरोबर कलासंस्थाही आल्या. पेनिन्सुला प्लेअर्स ही नाट्यसंस्था १९३५ मध्ये सुरू झाली. डॅनिश वंशाचे उद्यानशिल्पी येन्स येन्सन (१८६०–१९५१) यांनी त्याच वर्षी एलिसन बे येथे कड्यावर ‘द क्लिअरिंग’ हे निसर्ग व हस्तकला यांच्या अध्ययनाचे निवासी विद्यालय स्थापिले. पेनिन्सुला संगीत महोत्सव १९५३ पासून भरतो. आजमितीस परगण्यात दरवर्षी सु. २० लाख पर्यटक येतात, असे मानले जाते. मे-जूनमधील फळझाडांचा बहर, जुलै-ऑगस्टमधील जलक्रीडा व चेरीतोडणी आणि ऑक्टोबरमधील मॅपलच्या पानांचे रंग हे मुख्य हंगाम होत.

या भरभराटीने काही अडचणी निर्माण केल्या. परगण्यातील सु. दोनपंचमांश घरे हंगामी वापराची असून ती बाहेरच्यांच्या मालकीची आहेत. त्यामुळे घरांच्या किमती स्थानिक वेतनाच्या आवाक्याबाहेर गेल्या. उपाहारगृहे व निवासगृहे यांतील कामासाठी दरवर्षी परदेशी विद्यार्थी आणावे लागतात व त्यांना राहण्यास जागा मिळणे कठीण होते. तरुण कुटुंबे अन्यत्र जातात आणि निवृत्त लोक येऊन राहतात. परिणामी रहिवाशांचे मध्यवर्ती वय पन्नाशीच्या वर गेले असून उत्तरेकडील शाळांची पटसंख्या घटली आहे.

भूजलाचा प्रश्न : परगण्यातील सर्वांत मूलभूत प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आहे. तिन्ही बाजूंस अथांग गोडे पाणी असूनही ग्रामीण रहिवासी व बहुसंख्य पर्यटक खडकातील विहिरींचे पाणी पितात. पाऊस किंचित अम्लधर्मी असतो व तो डोलोमाइट हळूहळू विरघळवितो. हजारो वर्षांच्या या क्रियेने खडकातील उभ्या भेगा व थरांमधील आडव्या फटी रुंदावल्या आहेत. अशा भूप्रदेशास कार्स्ट म्हणतात. वाळूच्या थरातून पाणी झिरपताना गाळले जाते व त्यातील जंतू बऱ्याच अंशी अडतात; परंतु भेगांतून ते एखाद्या नळातून जावे तसे जाते. वर मातीचा थर पातळ असल्याने तेथेही गाळण होत नाही. यामुळे शेतात पसरलेले शेणखत, गुरांचे मूत्र व घरगुती मलटाक्यांतील सांडपाणी काही तासांत वा दिवसांत विहिरीपर्यंत पोहोचू शकते. वसंत ऋतूत बर्फ वितळताना व मोठ्या पावसानंतर विहिरींचे पाणी तपकिरी झाल्याचे अनुभव या भागात आहेत. पाणी स्वच्छ दिसत असले, तरी ते निर्दोष असतेच असे नाही.

याचे एक उदाहरण शास्त्रीय वाङ्मयात नमूद आहे. जून २००७ मध्ये परगण्यातील एका नव्या उपाहारगृहातील २२९ ग्राहक व कर्मचारी जुलाब-वांत्यांनी आजारी पडले व सहा जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. तेथील मलनिस्सारण यंत्रणा नवी व नियमांनुसार बांधलेली होती; विहीर तिच्या शोषक्षेत्रापासून १८८ मी. दूर होती आणि मधल्या खडकाची जाडी सु. ३५ मी. होती. तरीही यंत्रणेत सोडलेले रंगद्रव्य सहा ते पंधरा दिवसांत विहिरीत उतरले. रोगकारक नोरोव्हायरस विहिरीच्या पाण्यातही आढळला. खडकाची जाडी व अंतर यांवर आधारलेले सर्वसाधारण नियम भेगाळ डोलोमाइटमध्ये पुरेसे ठरत नाहीत, हे यातून सिद्ध झाले.

यावर उपाय म्हणून राज्य शासनाने सिल्युरियन खडकाच्या प्रदेशासाठी शेणखत पसरण्याचे खास नियम २०१८ पासून लागू केले. त्यांनुसार खडकावरील माती दोन फुटांपेक्षा (सु. ६० सेंमी.) कमी असेल, तेथे यंत्राने खत पसरण्यास मनाई आहे व माती जसजशी अधिक खोल, तसतसे निर्बंध सौम्य होतात. मातीची खोली शेतोशेती मोजणे, विहिरींची नियमित तपासणी करणे, त्यांचे अस्तर अधिक खोल नेणे व जुन्या मलटाक्या बदलणे हे अन्य उपाय होत. हे सर्व खर्चिक आहेत व खर्चाचा भार कोणी सोसावा, यावर शेतकरी, घरमालक व पर्यटन-व्यावसायिक यांच्यात एकमत सहजी होत नाही. दुग्धव्यवसायाला खत टाकण्यास जमीन हवी असते आणि पर्यटनाला हिरवी शेते व स्वच्छ पाणी दोन्ही हवी असतात. उन्हाळ्यात लोकसंख्या अनेक पटींनी वाढते, तेव्हा पाण्याचा उपसा व सांडपाणी यांचा ताण एकाच वेळी वाढतो.

ज्या खडकाने डोर परगण्यास कडे, गुहा, फळबागा व चतुरांचे झरे दिले, त्याच खडकामुळे तेथील जमिनीवर केलेली प्रत्येक गोष्ट अल्पावधीत पाण्यात उतरते. परगण्याच्या अर्थव्यवस्थेचे व रहिवाशांच्या आरोग्याचे भवितव्य या एका वस्तुस्थितीची दखल घेण्यावर बव्हंशी अवलंबून आहे.